झोपेतलं बीपी

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेआधी ज्या तपासण्या करतात त्यांत माझा ईसीजी किंचित खटकला, म्हणून टू-डी इको करायला सांगितला. इकोत हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत १.१ सेंटीमीटर निघाली. बायकांमध्ये ती साधारण ०.९ च्या वर नसावी. डावा वरचा कप्पाही थोडा मोठा. 'पंपिंग' मात्र उत्तम, ६० टक्के. रिपोर्टवर नजर टाकून हृदयाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बीपी किती वर्षांपासून आहे?"

मला बीपी नव्हतंच. निदान घरात सगळे तसं धरून चाललो होतो. आईला होतं, दादाला आहे, त्यामुळे कुठल्याही निमित्ताने दवाखान्यात गेलं की मी पट्टा बांधून घ्यायचेच, आणि वरचा आकडा कधी १३० ओलांडायचा नाही. त्या दिवशीही डॉक्टरांनी दोन्ही हातांत मोजलं. १२६/८०. झडपा इकोत ठीक दिसल्या होत्या. भरपूर व्यायाम करणाऱ्या खेळाडूंच्या हृदयाची भिंत जाड असू शकते, पण माझ्याकडे बघून तो प्रश्न त्यांनी विचारलाही नाही. "हे हृदय कधीतरी जास्त जोर लावतंय," ते म्हणाले, "आणि आपण मोजत नाही त्या वेळी लावतंय." मग २४ तासांचं बीपी लावून घ्यायला सांगितलं. शस्त्रक्रिया तातडीची नव्हती, ती पुढे ढकलली.

'२४ तासांचं मशीन' म्हटलं की बहुतेकांना होल्टर आठवतं, छातीला चिकटपट्ट्या लावून ठोके नोंदवणारं. हे वेगळं. दंडाला नेहमीसारखा पट्टा, त्यातून निघालेली नळी मानेवरून फिरवून कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या छोट्या डबीत. डबी ठरल्या वेळी आपोआप पट्टा फुगवते, मोजते, आकडा साठवते. मला दिवसा दर २० मिनिटांनी आणि रात्री दर ३० मिनिटांनी, असं लावलं होतं.

लावणारी मुलगी कामात चोख होती. आधी टेपने दंडाचा घेर मोजला. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो, हे तिने मला सांगितलं आणि मोठा पट्टा काढला. मी उजव्या हाताने लिहिते म्हणून डावा दंड. पट्ट्यावरच्या बाणाची खूण कोपराच्या आतल्या बाजूला लागणाऱ्या धमनीवर आणून बसवली आणि बॉलपेनने कातडीवर एक आडवी रेघ ओढली. "काकू, पट्टा सरकला तर या रेघेवर आणून लावा. आणि फुगायला लागला की बोलणं थांबवायचं, हात खाली सैल सोडायचा, बोटंसुद्धा हलवायची नाहीत. हललात तर पुन्हा फुगेल, आणि दुसऱ्यांदा जास्त जोरात." सोबत एक छापील कागद दिला. किती वाजता झोपले, रात्री उठले का, सकाळी कधी उठले, काही त्रास झाला का, सगळं त्यावर लिहायचं. आंघोळ दुसऱ्या दिवशी मशीन काढल्यावर.

दिवसाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. मी मुद्रितशोधन करते, बसूनच काम. दर २० मिनिटांनी दंड आवळला जायचा आणि मी पेन्सिल धरून पुतळ्यासारखी थांबायचे. संध्याकाळपर्यंत सवय झाली.

रात्रीची सवय मात्र होत नाही. अंधारात पंपाची घरघर मोठी वाटते. डाव्या कुशीवर झोपावं तर पट्टा अंगाखाली दबतो, उजवीकडे वळावं तर नळी ताणते, म्हणून मी उताणीच झोपले. ११ वाजून ४० मिनिटांनी दिवा घालवला, तसं कागदावर लिहिलं. पहिल्या दोन-तीन वेळा पट्टा फुगला तेव्हा अर्धवट जाग आली. नंतरचं मला काही आठवत नाही, म्हणजे झोप लागली असणार. अडीचच्या सुमाराला लघवीला उठले. हे रोजचंच होतं, गेली कित्येक वर्षं, आणि या वयात होतं असं म्हणून मी सोडून दिलेलं. सकाळी साडेसहाला उठले तेव्हा डोकं जड होतं. तेही रोजचंच. कागदावर 'त्रास' या रकान्यात मी काहीच लिहिलं नाही.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर तीन सरासऱ्या होत्या. दिवसाची १२९/८१, २४ तासांची १२८/७९, रात्रीची १२५/७६. मला वाटलं, झालं, सगळं छान. डॉक्टरांनी रात्रीच्या आकड्याखाली रेघ मारली. दवाखान्यात १४०/९० च्या पुढे गेलं की उच्च रक्तदाब म्हणतात हे सगळ्यांना पाठ असतं, पण मशीनवरच्या सरासरीच्या मर्यादा वेगळ्या आहेत. युरोपियन तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे दिवसाची सरासरी १३५/८५ च्या खाली हवी, २४ तासांची १३०/८० च्या खाली आणि झोपेतली १२०/७० च्या खाली. अमेरिकन मार्गदर्शिका त्याहून कडक, ती रात्रीसाठी ११०/६५ धरते. माझी दिवसाची पास, २४ तासांची पास, रात्रीची नापास. असे लोक बरेच असतात म्हणे. दवाखाने दिवसाच उघडे असतात, त्यामुळे ते सापडत नाहीत.

आकडा दिसला की पडताळून पाहायचा ही आमच्या धंद्याची खोड. रिपोर्टच्या मागच्या पानांवर प्रत्येक मोजणी वेळेसकट छापलेली असते, ती मी घरी घेऊन बसले. तेव्हा लक्षात आलं की मशीनने 'रात्र' म्हणून १० ते ६ असे ठोकळ तास धरले होते. १० ते पावणेबारा मी चक्क जागी होते. फोन करून सांगितलं, त्या मुलीने कागदावरच्या वेळा घालून रिपोर्ट पुन्हा काढला, आणि १२५ चे १२६ झाले. माझ्या बाबतीत एकाचाच फरक. पण रात्रपाळी करणाऱ्या माणसाचा रिपोर्ट अशा ठोकळ तासांवर काढला तर सगळंच उलटं होईल. तपासणी करून घेणार असाल तर तो कागद नीट भरा आणि रिपोर्टमधली रात्र तुमचीच आहे ना, एवढं बघा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची निघाली. झोपेतल्या १३ मोजण्या मी ओळीने लिहून काढल्या, फक्त वरचे आकडे. ११२, ११०, ११४, ११२, ११६. मग लघवीला जाऊन आल्यानंतरची, १३०. मग १३९, १४४, १३६, १३४, १४०, १३०, १२१. सरासरी १२६ बरोबर येते, पण १२६ असं बीपी माझं त्या रात्री कधीच नव्हतं. पूर्वरात्री ते व्यवस्थित उतरलं होतं आणि तीननंतर दिवसापेक्षाही वर चढलं होतं. ३ वाजून ४० मिनिटांनी १४४/८८. त्या वेळी मी गाढ झोपेत होते अशी माझी समजूत होती.

हा कागद घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. ते हसले नाहीत, त्यांनी तो नीट वाचला. मी विचारलं, मशीनच दंड आवळून झोपमोड करतं, त्यानेच बीपी चढलं नसेल कशावरून? त्यांचं म्हणणं, काही जणांत तसं होतं, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही तर ती रात्र धरतच नाहीत, पुन्हा करायला लावतात. पण झोपमोडीमुळे चढायचं असतं तर पहिल्या दोन तासांत चढलं असतं, जेव्हा मला खरोखर जाग येत होती. तेव्हा तर ते ११० होतं.

निरोगी माणसाचं बीपी झोपेत दिवसाच्या तुलनेत १० ते २० टक्क्यांनी उतरतं. शरीराला ताणात ठेवणाऱ्या सिम्पथेटिक मज्जासंस्थेचा जोर ओसरतो, ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात. १० टक्क्यांपेक्षा कमी उतरणारे एका गटात, रात्री उलट चढणारे दुसऱ्या, आणि २० टक्क्यांहून जास्त कोसळणारे तिसऱ्या. माझी घसरण २ टक्क्यांच्या आसपास होती. आयर्लंडचे ओवेन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये पहिल्यांदा रुग्णांची अशी विभागणी करून दाखवली, आणि ज्यांचं बीपी रात्री उतरत नव्हतं त्यांच्यात पक्षाघाताचं प्रमाण जास्त असल्याचं नोंदवलं. त्यानंतर या विषयावर खूप काम झालंय. जपानमधल्या ओहासामा या गावी १९८७ पासून लोकांच्या अंगावर अशी मशीनं लावून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. तिथे २००२ मध्ये असं दिसलं की रात्रीची घसरण दर ५ टक्क्यांनी कमी झाली की हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने मरण्याचा धोका सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. आणि ही गोष्ट २४ तासांचं बीपी एरवी ठीक असलेल्यांनाही लागू होती. म्हणजे माझ्यासारख्यांना. स्पेनमधल्या ५९,१२४ रुग्णांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये निघालेला निष्कर्षही त्याच वाटेचा आहे: मृत्यूच्या धोक्याचा अंदाज दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा झोपेतल्या आकड्यावरून जास्त चांगला येतो.

असं का, हे मला डॉक्टरांनी माझ्याच इकोवर बोट ठेवून समजावलं. मिनिटाला ६० ठोके धरले तर आठ तासांच्या झोपेत हृदय जवळजवळ २९ हजार वेळा आकुंचन पावतं. हे ठोके त्याने कमी दाबावर, आरामात मारायचे असतात. दाब उतरलाच नाही तर प्रत्येक ठोक्याला दिवसाइतकाच जोर. वर्षानुवर्षं तसं चाललं की स्नायूच्या पेशी जाड होतात, त्यांच्यामध्ये चिवट तंतू साचतात, भिंत कडक होते. कडक भिंत आकुंचन पावायला कुरकुर करत नाही, म्हणून माझं पंपिंग ६० टक्के. तिला सैल व्हायला जमत नाही. कप्पा नीट सैल झाला नाही की त्यात रक्त भरायला वरच्या कप्प्याला जोर लावावा लागतो, आणि मग तो मोठा होतो. वरचा कप्पा मोठा झाला की ठोक्यांची लय बिघडायची शक्यता वाढते. रिपोर्टमधल्या ज्या दोन-तीन ओळी मला सुट्या सुट्या वाटत होत्या, त्या अशा एका साखळीतल्या निघाल्या. भर म्हणजे हृदयाच्या स्नायूला स्वतःसाठी रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या सैल वेळेत. स्नायू जाड, गरज जास्त, आणि सैल वेळेतही आतून दाब. जपानमध्येच ६,३५९ लोकांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचं बीपी रात्री उलट चढत होतं त्यांना हृदय निकामी होण्याचा धोका विशेष जास्त आढळला.

धमन्यांचं दुखणं आणखी चिवट. महाधमनीच्या भिंतीत लवचिक तंतू असतात. प्रत्येक ठोक्याला ती थोडी फुगते, मग आकसून रक्त पुढे ढकलते आणि दाबाचा धक्का शोषून घेते. हे तंतू बालपणी तयार होतात आणि नंतर जवळजवळ नव्याने बनत नाहीत. जुन्या रबरासारखे ताण खाऊन खाऊन तुटतात आणि त्यांची जागा ताठर तंतू घेतात. रात्रीचा उतार ही त्यांची विश्रांती. ती मिळाली नाही की धमनी लवकर ताठर होते, ताठर धमनी धक्का शोषत नाही, आणि तो धक्का थेट बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो. मेंदू आणि मूत्रपिंड या दोन अवयवांत रक्ताचा ओघ सतत मोठा असतो, म्हणून मार आधी तिथे बसतो. डॉक्टरांनी लघवीतलं अल्ब्युमिन तपासायला लावलं ते यासाठीच, मूत्रपिंडाच्या चाळणीतून प्रथिनं गळायला लागलीत का हे बघायला. थोडी गळत होती. मर्यादेच्या जरा वर. डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्याही पाहिल्या, त्या ठीक होत्या. मानेच्या धमन्यांच्या सोनोग्राफीत अडथळा नव्हता, पण भिंत थोडी जाड लिहून आली.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी घाबरले होते. झोपायची वेळ झाली की पोटात गोळा यायचा. जागं असताना काळजी घेता येते, चालता येतं, गोळी घेता येते. झोपेत आपण काय करणार?

डॉक्टरांनी गोळीचं नाव लगेच काढलं नाही. रात्री बीपी न उतरण्याची कारणं ठरलेली आहेत, ती आधी शोधू, म्हणाले. वय, मधुमेहाने बिघडलेल्या नसा, मूत्रपिंडाचा आजार, काही वेदनाशामक गोळ्या, दारू, अपुरी झोप, रात्रपाळी, मीठ. मिठाचा भाग मला नवीन होता. शरीरात शिरलेलं जादा मीठ दिवसभरात मूत्रपिंडांनी बाहेर टाकलं नाही तर ते काम रात्रीवर जातं, आणि ते उरकायला शरीर रात्रीही दाब चढाच ठेवतं. लघवीला उठणं त्यातलंच असू शकतं. मी आपली वयाला आणि मूत्राशयाला बोल लावत होते. मीठ कमी केल्यावर न उतरणारं बीपी पुन्हा उतरायला लागतं, हे काही रुग्णांमध्ये दाखवून दिलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे लहान चमचाभर, आणि त्यात पाकिटबंद खाण्यातलं लपलेलं मीठही धरायचं.

पण त्यांची नजर माझ्या ओळीने लिहिलेल्या आकड्यांवरच होती. "घोरता का?" मी म्हटलं, नाही. शेजारी बसलेला माझा नवरा छताकडे बघायला लागला. "थोडंसं," तो म्हणाला. "पहाटेकडे जास्त. मधेच बंद होतं, मग एकदम सुरू होतं." ही माहिती त्याने इतकी वर्षं स्वतःपाशी का ठेवली, असं मी बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणे, "घोरतेस म्हटलं की तू चिडतेस." चिडते, हे खरं आहे.

घोरणं, मग श्वास बंद, मग धाप लागल्यासारखं पुन्हा सुरू, हे झोपेत श्वास अडकण्याचं लक्षण. हा आजार म्हटलं की जाड मानेचा, ढाराढूर झोपणारा पुरुष डोळ्यांपुढे येतो, म्हणून बायकांमध्ये तो सुटतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये त्याचं प्रमाण वाढतं, आणि तक्रारी असतात त्या अशा: सकाळी डोकं जड, दिवसभर थकवा, झोप तुटक, रात्री लघवीला उठणं. यातली प्रत्येक गोष्ट मला होती, आणि एकही मी त्या कागदावर 'त्रास' म्हणून लिहिली नव्हती.

मग स्लीप स्टडी. घरीच झाली. छातीवर आणि पोटावर पट्टे, नाकाशी बारीक नळी, बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी. बीपीच्या मशीनपेक्षा हे बरं, निदान दंड कोणी आवळत नाही. निकाल आला: तासाला सरासरी २२ वेळा श्वास बंद पडणं किंवा उथळ होणं. ५ पर्यंत चालतं, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. ऑक्सिजन एका क्षणी ८१ पर्यंत उतरला होता. आणि बहुतेक घटना पहाटेच्या तासांत.

डॉक्टरांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले तेव्हा ३ वाजून ४० मिनिटांचं कोडं सुटलं. दोन वेगळ्या रात्री, तरी ढब तीच. स्वप्नं पडणारी झोप, जिला रेम म्हणतात, ती रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. त्या झोपेत शरीराचे स्नायू पार सैल पडतात, घशाचेही, आणि श्वासाची वाट मिटते. बायकांमध्ये श्वास अडकणं बऱ्याचदा याच झोपेत एकवटलेलं असतं, उताणं झोपलं तर आणखी जास्त. वाट मिटली की ऑक्सिजन उतरतो, छातीत श्वास ओढायची धडपड चालते, मेंदू अर्धवट जागा होऊन धोक्याची घंटा वाजवतो, सिम्पथेटिक मज्जासंस्था उसळते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, बीपी झटक्यात चढतं. श्वास सुरू होतो. सकाळी आपल्याला यातलं काहीही आठवत नाही. तासाला २२ वेळा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १९८८ पासून चाललेल्या पाहणीने २००० मध्येच दाखवून दिलं होतं की झोपेत जितक्या जास्त वेळा श्वास अडकतो, तितकी पुढच्या चार वर्षांत उच्च रक्तदाब होण्याची शक्यता जास्त.

उपचार तीन भागांत झाला. मीठ कमी, सीपॅप मशीन आणि एक गोळी. मीठ त्यातल्या त्यात सोपं, काही आठवड्यांत जिभेला सवय होते.

सीपॅपशी मात्र माझं जमायला वेळ लागला. मुखवट्यातून हवेचा हलका दाब सतत येत राहतो आणि घशाची वाट उघडी ठेवतो, एवढंच ते करतं. पण नाकावर काहीतरी बांधून हवेविरुद्ध श्वास सोडायचा म्हटलं की आधी जीव गुदमरल्यासारखा होतो. दिवसा वाचत बसले असताना मुखवटा लावायची युक्ती मला सीपॅप देणाऱ्या माणसाने सांगितली, तिचा उपयोग झाला. पहाटे मुखवटा कधी काढून फेकला ते मला सकाळी कळायचं, आणि नेमकी पहाटच माझी गरजेची वेळ. म्हणून "चार तास लावलं की पुरे" हा हिशोब माझ्या कामाचा नव्हता. शेवटी फक्त नाकपुड्यांशी बसणारा लहान प्रकार मिळाला, तो टिकला. लघवीला उठणं गोळी सुरू व्हायच्या आधीच कमी झालं, याचं मला सगळ्यात नवल वाटलं.

सीपॅपने बीपी किती उतरतं याबद्दल फार आशा बाळगू नका, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. सरासरी २-३ अंक. म्हणून गोळी. मी वाचून गेले होते की गोळी रात्री घेतली तर फायदा दुप्पट. २०१९ मध्ये स्पेनमधल्या हायजिया नावाच्या अभ्यासाने तसा दावा केला होता आणि तो सगळीकडे पसरला. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर बऱ्याच तज्ज्ञांनी शंका घेतल्या आहेत. ब्रिटनमधल्या २१,१०४ लोकांवर झालेला टाइम नावाचा अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्यात हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूच्या बाबतीत फरक दिसला नाही. "जी वेळ तुमच्या लक्षात राहते ती," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दिवसरात्र असर टिकणारी गोळी दिली. मी ती सकाळी घेते.

काही महिन्यांनी पुन्हा २४ तासांचं मशीन. त्याच मुलीने लावलं, पुन्हा बॉलपेनची रेघ. या वेळी दिवसाची सरासरी १२२/७७, झोपेतली १११/६७, आणि पहाटेच्या कुठल्याच मोजणीने १२५ ओलांडलं नाही. गणित केलं तर घसरण ९ टक्के, म्हणजे पुस्तकाप्रमाणे मी अजून 'न उतरणाऱ्यां'तच. मी हिरमुसले. डॉक्टरांना त्याचं काही वाटलं नाही. हा गट एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत बदलतो, बऱ्याच जणांची वर्गवारी दुसऱ्या तपासणीत वेगळी येते. त्यामुळे ते टक्क्यापेक्षा झोपेतल्या प्रत्यक्ष आकड्याला जास्त मानतात. लघवीतलं अल्ब्युमिन मर्यादेत आलं. पित्ताशयाची शस्त्रक्रियाही मधल्या काळात विनाविघ्न झाली. इको पुढच्या वर्षी पुन्हा करायचाय. जाड भिंत थोडी पातळ होऊ शकते, पण तिला महिने लागतात. धमन्यांचा ताठरपणा किती मागे फिरेल याची हमी कोणी दिली नाही.

हे सगळं ऐकून दादाने गजर लावून पहाटे तीनला उठून घरच्या मशीनवर बीपी मोजायला सुरुवात केली. त्याला म्हटलं, अरे, गजराने उठवलेल्या माणसाचं बीपी ते झोपेतलं बीपी नव्हे. घरी मोजायचं तर झोपेत आपोआप फुगणारी मशीनं असतात. जपानमध्ये २, ३ आणि ४ वाजता मोजणारी वापरून अभ्यासही झालाय. शेवटी त्याने आमच्या डॉक्टरांकडून २४ तासांचं लावून घेतलं. त्याचं माझ्या उलट निघालं. तो बीपीच्या दोन गोळ्या घेतो, दोन्ही झोपताना, आणि त्याचं बीपी रात्री २४ टक्क्यांनी कोसळत होतं. त्याला काचबिंदू आहे. रात्री दाब फार खाली गेला तर डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडतं, म्हणून डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून एक गोळी कमी केली आणि दुसरी सकाळी घ्यायला सांगितली. पुढच्या महिन्यात त्याचं पुन्हा मशीन आहे. कागद नीट भर, असं मी त्याला आत्तापासूनच बजावून ठेवलंय.